दुसऱ्याने केलेलं वायरिंग अंगावर घ्यावं का? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच दुखण्याची आहेत : आधीच्या माणसाने अर्धवट किंवा निकृष्ट करून ठेवलेलं घराचं वायरिंग. काही पत्रं वायरमन मंडळींची आहेत, काही घरमालकांची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी परवानाधारक ठेकेदार आहे. एका दुमजली बंगल्याचं वायरिंग आधीच्या वायरमनने केलं. त्याच्याकडे परवाना नव्हता. पैशावरून वाजलं आणि तो काम सोडून गेला. पाइप भिंतीत गेलेत, प्लॅस्टर झालंय, तारा ओढल्यात, निम्मे बोर्ड बसलेत. मालक म्हणतात, ‘उरलेले बोर्ड बसवा आणि टेस्ट रिपोर्टवर सही द्या, मीटर घ्यायचाय.’ काम घेऊ का? घेतलं तर सुरुवात कुठून करू? — एक ठेकेदार, विटा

उत्तर : काम घ्या, पण मालक ज्या क्रमाने सांगताहेत त्या क्रमाने नको. आधी तपासणी, मग अंदाजपत्रक, मग दुरुस्ती, आणि सही सगळ्यात शेवटी.

सहीचं आधी बोलू. टेस्ट रिपोर्टवर ठेकेदार सही करतो तेव्हा तो ‘मी बसवलेले बोर्ड ठीक आहेत’ एवढंच म्हणत नाही, सगळी मांडणी वीज जोडण्याजोगी आहे असं म्हणतो. भिंतीतल्या पाइपात आधीच्याने काय करून ठेवलंय त्याचीही जबाबदारी त्या सहीबरोबर तुमच्याकडे येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे (आधी २०१०चे, आता २०२३चे) दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर नवं काम, वाढीव काम आणि दुरुस्ती ही परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून व्हायला हवी. म्हणजे आधीचं काम मुळातच बेकायदा आहे. नुसती सही विकणारे ठेकेदार प्रत्येक तालुक्यात सापडतात. आग लागली किंवा कुणाला शॉक बसला, की विद्युत निरीक्षकाच्या चौकशीत पहिलं नाव सही करणाऱ्याचंच निघतं.

तपासणीचे पैसे वेगळे सांगा आणि आधी घ्या. पॉइंटमागे (दिवा, पंखा, सॉकेटच्या एकेका जागेमागे) दर ठरवून दुसऱ्याचं काम उचललंत तर बुडालात, कारण पॉइंट दिसतो एक आणि त्यामागची भानगड असते तीन दिवसांची. खरं तर बहुतेक निकृष्ट कामाचं मूळ या पॉइंटच्या दरातच आहे. पॉइंट मोजले जातात, सर्किट कुणी मोजत नाही. मग एकाच न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) तीन खोल्या चालतात आणि तार कमी पडली की पाइपातच जॉइंट मारला जातो.

आता प्रत्यक्ष तपासणी. बांधकामाचं तात्पुरतं कनेक्शन असेल तर मेन बंद करा. घरात इन्व्हर्टर बसलेला असेल तर तोही बंद करून त्याची आउटपुटची तार सोडा. मेन बंद केला म्हणून बोर्डात हात घातला आणि इन्व्हर्टरच्या फेजने झटका दिला, हे चालू घरात नेहमी घडतं. निऑन टेस्टरवर विसंबू नका. दोन टोकांचा टेस्टर किंवा मीटर आधी चालू जागी लावून पाहा, मग बंद सर्किटवर, मग परत चालू जागी. मधल्या वेळी मीटरच मेला नव्हता ना, हे तिसऱ्या वेळी कळतं.

मग डीबी (जिथून घरातली सगळी सर्किटं फुटतात ती मुख्य पेटी) आणि सगळे बोर्ड उघडा. ‘नमुन्याला चार’ नको. दोन बेडरूमच्या घरात पंधरा-वीस बोर्ड असतात, अर्धा दिवस लागतो. प्रत्येक बोर्डाला क्रमांक द्या आणि वहीत लिहीत चला : कोणत्या जाडीच्या तारा, कोणते रंग, अर्थिंगची तार आहे का आणि ती खरोखर कशाला जोडली आहे का. तारेवर छापलेल्या आकड्यावर सगळा भरवसा ठेवू नका. चांगल्या कंपनीच्या लवचीक तारेत १ चौरस मिमीला सहसा ०.३ मिमीच्या १४ काड्या असतात, १.५ला २२, २.५ला ३६ आणि ४ला ५६. एक टोक सोलून काड्या मोजा, मायक्रोमीटर असेल तर एका काडीची जाडीही घ्या. २.५ म्हणून विकलेल्या तारेत तीसच काड्या निघाल्या, तर त्या घरातल्या सगळ्याच तारांकडे संशयाने बघा.

डीबीत तारेची जाडी आणि एमसीबीचा (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) आकडा जुळवून पाहा. भिंतीतल्या पाइपासाठी हात राखून धरलेला हिशोब असा : १ चौरस मिमीला ६ अँपिअर, १.५ला १०, २.५ला १६, ४ला २०. एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी १.५च्या तारेवर ३२ अँपिअरचा बसवून गेलेला असतो. तेव्हा तारच फ्यूज झालेली असते. न्यूट्रलमध्ये वेगळा फ्यूज किंवा एकपोली स्विच दिसला तर तो काढायचाच.

आता बंद अवस्थेतल्या चाचण्या. पहिली अर्थिंगच्या सलगतेची : डीबीतल्या अर्थ पट्टीपासून प्रत्येक सॉकेटच्या जाड पिनेपर्यंत. १.५ची तार मीटरला साधारण १२ ते १३ मिलिओहम दाखवते, म्हणजे २० मीटरला पाव ओहम. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका. आकडा दीड-दोन ओहम आला तर मध्ये पिळून सोडलेला जॉइंट आहे. काहीच आलं नाही तर अर्थिंगची तार बोर्डात शोभेपुरती खोचलेली आहे, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

दुसरी चाचणी मेगरची, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरची, ५०० व्होल्ट डीसीवर. आधी सगळे एलईडी दिवे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डोअरबेल, चार्जर काढा आणि आरसीसीबीच्या (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) तारा सोडा. नाहीतर ती उपकरणं मेगरने मरतील आणि भरपाई तुमच्या गळ्यात येईल. सर्व स्विच चालू ठेवा. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा, मग सोडवून एकमेकांशी. १ मेगओहमच्या खाली काहीही चालणार नाही. नव्या, कोरड्या कामात मात्र आकडा शंभरच्या पुढे जायला हवा. नव्या बंगल्यात ३ मेगओहम आला तर ‘पास’ म्हणून पुढे जाऊ नका. ओलं प्लॅस्टर असेल, किंवा जंक्शन बॉक्स बसवताना खिळा तारेला लागला असेल. पंधरा दिवसांनी परत मोजा : आकडा चढला तर ओल होती, तिथेच राहिला तर जखम आहे.

तिसरी चाचणी भिंतीतले लपलेले जॉइंट शोधण्याची, आणि ती फार थोडे लोक करतात. सर्किट चालू करून दूरच्या सॉकेटवर २ किलोवॅटचा हीटर लावा, म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. त्याच वेळी डीबीवर आणि सॉकेटवर व्होल्टेज मोजा. २.५ची तार, १५ मीटर अंतर, जाऊन-येऊन ३० मीटर : रेझिस्टन्स पाव ओहमच्या आत आणि फरक दोनेक व्होल्ट यायला हवा. फरक ८ व्होल्ट आला, तर सहा व्होल्ट कुठेतरी एका जागी पडताहेत. सहा व्होल्ट गुणिले ८.७ अँपिअर म्हणजे ५० वॅटवर उष्णता, तीही पाइपातल्या टेपखाली. सोल्डरिंगची इस्त्री भिंतीत चालू ठेवून झोपण्यासारखंच ते. असं सर्किट जसं आहे तसं स्वीकारायचं नाही, पूर्ण तार बदलायची.

एवढं झाल्यावर मालकांपुढे सर्किटवार कागद ठेवा : कोणतं चालेल, कोणतं दुरुस्त होईल, कोणतं पुन्हा ओढावं लागेल. मालक म्हणाले ‘एवढं नको, फक्त सही द्या’, तर नमस्कार करून निघा. तपासणीचे पैसे आधी घेतलेले असले की निघणं सोपं जातं.

प्रश्न : पाइपातल्या तारा बदलायच्या ठरल्या, पण जुन्या तारा हलतच नाहीत. भिंत फोडायची का? — एक वायरमन, बारामती

उत्तर : आधी दोन्ही टोकांना माणूस हवा. एकाने ओढायचं, दुसऱ्याने त्याच तालावर आत ढकलायचं. एकटा माणूस ओढत राहिला की इन्सुलेशन सोलतं, किंवा तार आत तुटते आणि होता तो मार्गही जातो.

जुन्या तारांमागून नव्या ओढताना सांधा जाड होऊ देऊ नका. नव्या तारांची टोकं पाच-सहा सेंटीमीटर सोलून एकाखाली एक अशी पायऱ्यांनी बांधा, म्हणजे गाठ एका जागी फुगत नाही, आणि त्यावर टेप निमुळती गुंडाळा. फ्रेंच चॉकची पूड लावा. ग्रीस किंवा जुनं ऑइल लावू नका, पीव्हीसी त्याने फुगते आणि खराब होते. खोबरेल तेल लावणारेही आहेत, तेही नको.

तरीही हलत नसेल तर कारण बहुतेक या तिघांतलं एक असतं. पाइप भरलेला आहे : २० मिमीच्या पाइपात २.५च्या पाचपेक्षा जास्त आणि २५ मिमीत आठपेक्षा जास्त तारा घालू नयेत, आणि तिथे बारा कोंबलेल्या असतात. किंवा बेंडऐवजी काटकोनी एल्बो वापरलाय. किंवा स्लॅब भरताना सांधा सुटून आत सिमेंटचं पाणी गेलंय. तार ओढायची स्प्रिंग दोन्ही बाजूंनी घालून प्रत्येक बाजूला किती आत गेली ते मोजा. दोन आकड्यांच्या मधला तुकडा म्हणजे अडथळा. भिंत फोडायचीच तर तेवढीच, हातभर.

स्लॅबमध्ये अडथळा असेल तर स्लॅबला हात लावू नका. छताच्या कडेने पट्टीचं केसिंग घ्या. मालक तोंड वाकडं करतील, पण स्लॅबमधला गज कापला तर प्रकरण इलेक्ट्रिशियनच्या हातातलं राहत नाही.

नवीन तारा घेताना सर्किटगणिक हिशोब करा. ९० मीटरच्या कॉइलमधून फेज आणि न्यूट्रल बरोबर नेले तर अंतर ४५ मीटरच होतं, आणि बोर्डात प्रत्येक टोकाला १५ ते २० सेंटीमीटर जास्त सोडावं लागतं. ‘थोडक्यासाठी नवी कॉइल कशाला’ म्हणून पाइपात जॉइंट घेण्याची पाळी इथेच येते. जॉइंट घ्यायचाच तर उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये, कनेक्टरने. रंग सिंगल फेजला लाल, काळा, हिरवा. हिरवी तार उरली म्हणून स्विचची परतीची तार हिरवी टाकणाऱ्याला कामावर ठेवू नका.

प्रश्न : फ्लॅट विकत घेतला. आरसीसीबी बसवलेला आहे, पण आधीच्या इलेक्ट्रिशियनने दोन्ही बाजूंच्या तारा एकत्र जोडून तो ‘बायपास’ केलाय. नव्याने सरळ केला तर गिझर लावताच पडतो. गिझर बदलला, तरी तेच. — एक गृहिणी, ठाणे

उत्तर : बायपास ज्याने केला त्याने दोष शोधायचा कंटाळा केला. गिझरवर विनाकारण खर्च झाला, पण आता तरी योग्य जागी शोध घ्या.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहतो. घरच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला फरक १५ ते ३०च्या दरम्यान गेला की तो पडतो. आता समजा, बाल्कनीतल्या दिव्याच्या बोर्डात न्यूट्रलची तार सोलली आहे आणि लोखंडी बॉक्सला टेकते. बाल्कनीचा दिवा बंद असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. गिझर चालू होतो, त्याचा ८-९ अँपिअर करंट न्यूट्रलने परत निघतो, आणि त्यातला थोडासा हिस्सा त्या टेकलेल्या जागेतून अर्थिंगकडे पळतो. आरसीसीबी पडतो, आळ गिझरवर येतो. एकपोली एमसीबी बंद करून हा दोष सापडत नाही, कारण तो फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

शोधायची रीत अशी. मेन बंद करा, आरसीसीबीतून घराकडे जाणाऱ्या तारा सोडा आणि न्यूट्रल पट्टीवरून प्रत्येक सर्किटची न्यूट्रल एकेक करून सोडा. मग प्रत्येक सुट्या न्यूट्रलचा अर्थशी मेगर घ्या. ज्याचा आकडा शून्याजवळ, त्या सर्किटचे बोर्ड एकेक उघडत जा. ओल येणाऱ्या जागा आधी बघा : बाल्कनी, बाथरूमचा एग्झॉस्ट, गॅलरीतलं वॉशिंग मशीनचं सॉकेट.

सगळे न्यूट्रल चांगले निघाले तर दुसरा संशय उसन्या न्यूट्रलचा. डुप्लेक्स किंवा बंगल्यात जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या मजल्याच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा असं हमखास सापडतं. टू-वे स्विच करताना जवळ मिळाली ती तार जोडलेली असते. फ्लॅटमध्ये हाच प्रकार इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये होतो : फेज इन्व्हर्टरचा, न्यूट्रल मेनचा. दोन आरसीसीबी असलेल्या घरात तर असं एक सर्किट दोन्ही पाडतं.

तिसरी शक्यता, दोष कुठेच नाही पण उपकरणं फार. संगणक, इन्व्हर्टर एसी, एलईडी ड्रायव्हर यांतून थोडी-थोडी गळती चालूच असते. मिलिअँपिअर मोजणारा गळतीचा क्लॅम्प फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावा. आकडा ९-१०च्या वर असेल तर एक आरसीसीबी पुरणार नाही, सर्किटं दोघांत वाटा किंवा सर्किटवार आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) घ्या. इन्व्हर्टर एसीसाठी ‘ए’ टाइपचा घ्या.

आणखी दोन गोष्टी. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे त्याची यंत्रणा चालू आहे, एवढंच. ते बटण आतल्या रेझिस्टरमधून गळती बनवतं, घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. अर्थिंग पार तुटलेली असली तरी बटण चालतं. आणि एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला ते साध्या लोडसारखंच दिसतं, तो पडत नाही. ओव्हरलोडही त्याला कळत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच.

प्रश्न : आमच्याकडे जांभा दगड. आधीच्या वायरमनने खड्डा घेतलाच नाही, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थची पिन एकत्र जोडून दिली. ‘टेस्टरवर काही येत नाही, अर्थिंग चांगली आहे’ म्हणाला. खरं काय? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : हे ताबडतोब काढा, आजच. खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल कधी तुटला, तर चालू असलेल्या उपकरणातून येणारा फेज त्या जोडणीतून फ्रीजच्या दारावर आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतो. पूर्ण २३० व्होल्ट, आणि एकही एमसीबी पडत नाही. न्यूट्रलवर टेस्टर पेटत नाही, म्हणून ते ‘अर्थिंग’ दिसतं एवढंच.

पाण्याच्या पाइपाला जोडणंही नको. हल्ली त्यात कुठेतरी प्लॅस्टिक असतंच.

खड्डा घ्या. ४० मिमीचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, निदान अडीच मीटर, भोवती बेंटोनाइट किंवा तयार अर्थिंग पूड. जुन्या पद्धतीचा कोळसा आणि मीठ चालतं, पण दरवर्षी मीठ ओतत राहिलात तर जीआय पाइपच खाल्ला जातो. जांभ्यात एका खड्ड्याने आकडा खाली येत नाही. दुसरा खड्डा पहिल्यापासून निदान पाइपाच्या लांबीइतक्या अंतरावर घ्या, दुप्पट असेल तर उत्तम. जवळजवळ घेतलेले दोन खड्डे विजेला एकच वाटतात. दोन्ही २५ बाय ३ मिमीच्या जीआय पट्टीने जोडा, बोल्ट उघड्यावर ठेवा म्हणजे घट्ट करता येतात. अर्थ टेस्टरने एप्रिल-मेमध्ये मोजा. पावसाळ्यात सगळेच आकडे गोड येतात.

‘फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावला, लख्ख पेटला’ हा पुरावा नाही. पेटलेल्या त्या बल्बचा रेझिस्टन्सच पाचशेवर ओहम आहे. अर्थिंग तीस ओहमची असली तरी प्रकाशात फरक जाणवत नाही. मीटरने फेज-अर्थ २३० दाखवलं, तेही तसंच.

आता आकड्यांचं गणित, कारण कोकण-गोव्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमची अर्थिंग १० ओहम, ट्रान्सफॉर्मरची २ ओहम धरा. गिझरच्या टाकीला फेज लागला तर २३० भागिले १२, म्हणजे १९ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी १९ अँपिअरला तासभरही न पडता उभा राहू शकतो. आणि त्या वेळात टाकीवर १९ गुणिले १०, म्हणजे १९० व्होल्ट असतात. म्हणून जांभ्याच्या, मुरुमाच्या, कातळाच्या भागात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही चैन नाही. तो असला तर पन्नास ओहमची अर्थिंगसुद्धा त्याला पाडायला पुरते. दोन्ही हवेत. पण पैसे सगळ्याला पुरत नसतील तर आधी आरसीसीबी आणि एक खड्डा घ्या, दुसरा खड्डा पुढच्या उन्हाळ्यात.

प्रश्न : १९७०-८०च्या सुमाराच्या इमारतीत जुनी ॲल्युमिनियमची तार आहे. नवीन पॉइंट तिलाच तांब्याची तार पिळून दिलाय. चालेल का? — एक ज्येष्ठ वाचक, दादर

उत्तर : नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, ते स्क्रूखाली हळूहळू दबून ढिलं होतं, आणि तांब्याशी पिळलं की दमट हवेत सांधा झिजतो. दादरची हवा दमटच आहे. तो पॉइंट आज बंद करा. पूर्ण तारा बदलेपर्यंत जुन्या सर्किटवर दिवे-पंखेच चालवा. इस्त्री, गिझर, एसी यांच्यासाठी डीबीपासून तांब्याची वेगळी तार केसिंगमधून घ्या : गिझर आणि एसीला प्रत्येकी ४ चौरस मिमी, स्वतंत्र एमसीबी.

प्रश्न : घरमालक म्हणून फसायचं नसेल तर काम देताना काय बघावं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : परवान्याचा क्रमांक बिलावर लिहून घ्या आणि परवान्याची मुदत पाहा. भिंतीत पाइप टाकल्यावर, प्लॅस्टरच्या आधी, प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मेझरिंग टेप धरून. पुढे कुठे खिळा मारायचा नाही हेही त्यातून कळतं. तारांची रिकामी वेष्टणं मोजून ठेवा. डीबीच्या दारावर आतून कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा हे लिहून घ्या. शेवटचा हप्ता चाचण्यांच्या आकड्यांवर ठेवा : सर्किटवार मेगर, अर्थिंगचे ओहम, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती मिलिसेकंदात पडला. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा, १५ मिलिअँपिअरला पडता कामा नये. ‘सगळं ओके आहे’ असं लिहिलेला कागद परत करा.

प्रश्न : मालकांसमोर आधीच्या वायरमनच्या कामाबद्दल काय बोलावं? गाव लहान आहे, रोज समोर येतो. — एक वायरमन, अकोले

उत्तर : कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नको. ‘बेकार काम केलंय’ हे वाक्य मालक त्याच्यापर्यंत संध्याकाळी पोचवतात. कागदावर ‘बोर्ड ४ : अर्थ तार जोडलेली नाही. बोर्ड ७ : १.५च्या तारेवर ३२चा एमसीबी’ असं लिहा, फोटो लावा. शक्य असेल तर काम हातात घेण्याआधी त्याला एक फोन करा. कोणता पाइप कुठून गेलाय, कुठे जॉइंट मारलेत, हे त्यालाच माहीत असतं, आणि पैसे अडकले असले तरी नीट विचारलं तर बरेच जण सांगतात. दोन दिवसांची शोधाशोध वाचते. मालक आणि त्याच्यातल्या हिशोबात मात्र पडू नका. ‘त्याचं किती काम धरायचं’ असं मालकांनी विचारलं तरी आकडा तोंडातून काढू नका.